उंदराचा पंजा आणि पक्षाघातानंतरचा हात

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी धमनीत अडकलेली असते. काही वेळा धमनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. मोठी धमनी बंद पडली, तर उपचार न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी मरतात, असा अंदाज आहे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. त्यामुळे इजा ज्या बाजूला, तिच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. पाय बऱ्याचदा शरीराचा भार पेलण्याइतका सावरतो, पण हाताचे काम अवघड असते. घास घेणे, गुंडी लावणे, कुलपात किल्ली फिरवणे यांसाठी बोटे सुटी सुटी हलावी लागतात, आणि हे कौशल्य सर्वांत उशिरा परत येते किंवा येतच नाही.

पक्षाघातावरील उपचारांचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात मेंदू वाचवायचा असतो. गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध अमेरिकेत 1996 मध्ये मान्य झाले. ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. मोठ्या धमनीतील गुठळी नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार 2015 नंतर सर्वमान्य झाला. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या मेंदूकडून गेलेली हालचाल परत मिळवायची असते. हा टप्पा काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत चालतो. या काळात मेंदूत नेमके काय घडते आणि व्यायाम कधी, किती व कसा द्यावा, याविषयी आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग उंदरांवरच्या प्रयोगांतून आला आहे.

उंदीरच का?

प्रयोगशाळेत दोन जाती वापरल्या जातात. रॅट हा मोठा उंदीर, त्याचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा. माऊस हा लहान, त्याचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. माणसाचा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅम भरतो. एवढी तफावत असूनही मूळ रचनेत साम्य आहे. उंदराच्या मेंदूच्या बाह्य थरातही, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, हालचालींचा नकाशा असतो. पुढच्या पंजाची हालचाल त्यातल्या दोन जागांवरून होते. मागची मोठी जागा माणसाच्या मुख्य मोटर कॉर्टेक्सशी जुळते आणि पुढची लहान जागा हालचालीची पूर्वतयारी करणाऱ्या भागाशी. तिथून निघालेले तंतू बाजू ओलांडून मज्जारज्जूत उतरतात, जसे ते माणसातही उतरतात.

दुसरे कारण पंजाचे. उंदीर दोन्ही पंजांत दाणा धरतो, फिरवतो आणि कुरतडतो. पुढे झेपावून वस्तू पकडण्याची त्याची हालचाल माणसाच्या हाताच्या हालचालीच्या आश्चर्यकारक जवळ जाते. शिवाय माणसात प्रत्येकाची इजा वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकाराची असते. वय, जुने आजार, घरची परिस्थिती यांतही फरक असतो. प्रयोगशाळेत यातली एक गोष्ट बदलून बाकीच्या सारख्या ठेवता येतात. ‘पाचव्या दिवशी सुरू केलेला व्यायाम बरा की तिसाव्या दिवशी?’ या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मिळवायचे, तर ही सोय लागते.

झटका घडवण्याच्या पद्धती

भूल देऊन, नेमून दिलेल्या पद्धतीने उंदराच्या मेंदूत झटका घडवला जातो. सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत जपानमध्ये कोइझुमी यांच्या गटाने 1986 मध्ये मांडली आणि लोंगा यांच्या गटाने 1989 मध्ये सुधारली. मानेतल्या धमनीतून एक बारीक धागा आत सरकवून मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचे तोंड बंद करतात आणि ठरावीक वेळाने धागा काढून घेतात. माणसातही बहुतेक झटके याच धमनीच्या प्रदेशात येतात, म्हणून ही पद्धत वास्तवाला जवळची आहे. मात्र तिच्यात इजेचा आकार कमीजास्त होतो आणि मेंदूचा खोलवरचा भागही सापडतो.

हालचालीच्या अभ्यासाला अधिक नेमकी इजा लागते. त्यासाठी वॉटसन यांनी 1985 मध्ये प्रकाशाची पद्धत वर्णन केली. रोझ बेंगॉल नावाचा रंग रक्तात सोडायचा आणि कवटीवरून हव्या त्या जागी हिरवा प्रकाश टाकायचा. प्रकाश पडेल तिथल्याच रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यामुळे पंजाच्या नकाशापुरती इजा करता येते. तिसऱ्या पद्धतीत एंडोथेलिन-1 हा रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ ठरलेल्या जागी टोचतात. काही तासांनी त्याचा परिणाम ओसरून रक्तप्रवाह हळूहळू परत येतो. प्रयोगातल्या प्रश्नानुसार यातली पद्धत निवडली जाते.

मोजायचे कसे?

या शास्त्राचा कणा मोजमापात आहे. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे इयन व्हिशॉ यांनी उंदराच्या एका घासाचा केलेला अभ्यास त्यासाठी पायाभूत ठरला. पारदर्शक पेटीला पुढच्या बाजूने एक अरुंद उभी फट असते. फटीबाहेरच्या फळीवर 45 मिलिग्रॅमची खाद्याची गोळी ठेवतात. उंदीर फटीशी येतो, गोळी नाकाने हुडकतो आणि एक पंजा उचलतो. कोपर आत घेतो, बोटे मिटूनच पंजा फटीतून पुढे सरकवतो. गोळीच्या वर पोहोचल्यावर बोटे उघडतात आणि तळवा खाली वळताना बाहेरच्या बोटापासून आतल्या बोटापर्यंत एकेक बोट क्रमाने टेकत जाते. मग मूठ मिटते, पंजा मागे येता येता वळतो आणि गोळी तोंडाशी येते. सगळे मिळून डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ. व्हिशॉ यांनी मंदगती चित्रणावरून या हालचालीचे घटक सुटे केले आणि प्रत्येकाला गुण दिले.

झटक्यानंतर हाच उंदीर आधी गोळी चुकवतो. काही आठवड्यांनी तो पुन्हा गोळ्या मिळवू लागतो. मिळालेल्या गोळ्या नुसत्या मोजल्या, तर तो बरा झाला असे वाटेल. चित्रण संथ केले की वेगळेच दिसते. मनगट वळत नाही म्हणून तो सगळे अंग फिरवतो. बोटांनी उचलण्याऐवजी गोळी ओढून आणतो. पंजा तोंडाशी नेता येत नाही म्हणून तोंडच पंजाकडे नेतो. हात सुधारलेला नसतो, काम भागवलेले असते. खरी सुधारणा आणि काम भागवणे यांतला हा भेद पुनर्वसनाच्या संपूर्ण शास्त्रातला कळीचा मुद्दा आहे. कपाकडे हात नेताना खांदा उचलून धड पुढे झुकवणारा रुग्णही तेच करत असतो.

इतर चाचण्याही अशाच कल्पक आहेत. काचेसारख्या पारदर्शक नळकांड्यात उंदीर मागच्या पायांवर उभा राहून भिंत चाचपतो; त्यात उजवा पंजा किती वेळा टेकला आणि डावा किती, हे मोजले की दुबळ्या पंजाचा वापर कळतो. टेक्सास विद्यापीठातील टिमथी शॅलर्ट यांच्या गटाने ही चाचणी रुळवली. कमीजास्त अंतरावर दांड्या बसवलेल्या आडव्या शिडीवरून चालताना पाय किती वेळा घसरतो, हे दुसरी चाचणी सांगते. आणखी एका चाचणीत उंदराला कच्च्या शेवईचा सात सेंटिमीटरचा तुकडा देतात. निरोगी उंदीर एका पंजाने शेवई धरतो, दुसऱ्याने तोंडाकडे सरकवतो आणि ती आखूड होत जाईल तशी पकड सारखी बदलतो. या बारीक बदलांची संख्या घटली, की बोटांचे कौशल्य गेल्याचे लक्षात येते, मग शेवई पूर्ण खाऊन झालेली असली तरीही.

इजेभोवतीचा जागा झालेला मेंदू

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती उरलेल्या पेशींनी नवी जुळणी केल्यामुळे. इजेच्या कडेचा जिवंत भाग पहिल्या काही आठवड्यांत विलक्षण बदलतो. वाढीला लागणारी, प्रौढ मेंदूत एरवी शांत असणारी अनेक जनुके कामाला लागतात. पेशींना नवे तंतू फुटतात. जिवंत उंदराच्या मेंदूतले पेशींच्या शाखांवरचे सूक्ष्म काटे, म्हणजे जोडणीच्या जागा, विशेष सूक्ष्मदर्शकाने रोज पाहता येतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील टिमथी मर्फी यांच्या गटाला इजेच्या कडेला हे काटे उगवण्याचा आणि मोडण्याचा वेग पहिल्या आठवड्यांत कितीतरी पट वाढलेला आढळला. पंजाचा नकाशा शेजारच्या जागेत सरकतो. पूर्वतयारी करणारा भाग मुख्य भागाचे काम अंगावर घेतो.

हा सुपीक काळ कायम टिकत नाही. उंदराची आपोआप होणारी सुधारणा साधारण महिन्याभरात थांबते. माणसात तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत उरकतो. या दोन आकड्यांमागे एकच प्रक्रिया आहे, असे मानायला भक्कम आधार आहे.

वेळेचे गणित

हे तपासणारा गाजलेला प्रयोग कॅनडात बिअरनास्की, चेर्नेंको आणि कॉर्बेट यांनी केला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. झटका आलेल्या रॅटना पाच आठवडे रोज पंजाचा सराव आणि राहायला शिड्या, खेळणी, सोबती असलेले मोठे घर देण्यात आले. एका गटात हे पाचव्या दिवशी सुरू झाले, दुसऱ्यात चौदाव्या, तिसऱ्यात तिसाव्या. पाचव्या दिवसाच्या गटाची सुधारणा ठळक होती, चौदाव्याची त्याहून कमी. तिसाव्या दिवशी सुरुवात केलेले उंदीर व्यायाम न मिळालेल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. तेवढाच व्यायाम, तेवढेच दिवस, फक्त सुरुवात उशिरा झाली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीव्हन झाइलर आणि जॉन क्रॅकाउर यांच्या गटाने माऊसवर याच्याही पुढचा प्रयोग केला. झटक्यानंतर एक-दोन दिवसांत सराव सुरू केला, तर पकड पूर्ववत झाली. आठवडाभर थांबल्यावर ती अर्धवटच राहिली. अशा अर्धवट सुधारलेल्या उंदरांच्या मेंदूत जवळच दुसरी छोटी इजा केली आणि लगेच सराव दिला. ते पूर्णपणे सुधारले, पहिल्या इजेने गेलेले कौशल्यही परत आले. दुसरा झटका हा अर्थातच उपचार नव्हे. पण मिटलेली संधी पुन्हा उघडू शकते आणि ती इजेनंतरच्या जैविक बदलांनी उघडते, हे त्यातून सिद्ध झाले.

मग जितके लवकर तितके चांगले का? इथेही उंदरांनी आधीच सावध केले होते. शॅलर्ट यांच्या गटाने 1996 मध्ये दाखवले की मेंदूला इजा झालेल्या रॅटचा चांगला पंजा प्लास्टरमध्ये अडकवून दुबळ्या पंजावर पहिल्या दिवसांत सक्तीने भार टाकला, तर मेंदूतली इजाच मोठी होते. नुकत्याच दुखावलेल्या पेशींना अतिरेकी काम सोसत नाही. माणसांवरील दोन चाचण्या याच दिशेने गेल्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटक्यानंतर दहाएक दिवसांनी चांगला हात बांधून दुबळ्या हाताला खूप तीव्र सराव दिला, तेव्हा सौम्य सरावापेक्षा सुधारणा कमी झाली. ऑस्ट्रेलियासह पाच देशांतील 2104 रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ चाचणीत पहिल्या 24 तासांपासूनच वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवलेल्या रुग्णांपैकी 46 टक्क्यांची स्थिती तीन महिन्यांनी चांगली होती. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण 50 टक्के भरले. ती चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली.

नेमकी संधी कधी, हे माणसांत शोधण्यासाठी अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या गटाने अमेरिकेत 72 रुग्णांची चाचणी केली. तिची आखणीच उंदरांच्या प्रयोगांवरून केलेली होती. नेहमीच्या उपचाराव्यतिरिक्त हाताच्या कामाचा 20 तासांचा जादा सराव कोणाला पहिल्या महिन्यात, कोणाला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान आणि कोणाला सहा महिन्यांनंतर दिला. 2021 मध्ये निष्कर्ष आले. वर्षाच्या शेवटी सर्वाधिक लाभ दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला होता, त्याखालोखाल पहिल्या महिन्याच्या गटाला. सहा महिन्यांनंतरच्या गटाला तेवढ्याच तासांचा दखलपात्र फायदा झाला नाही.

किती सराव?

वेळेइतकेच महत्त्व मात्रेला आहे. प्रयोगशाळेतला उंदीर एका दिवसात शेकडो वेळा पंजा पुढे करतो. सराव ठरावीक पातळीखाली राहिला, तर फरक दिसत नाही. उत्तर अमेरिकेतील फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सत्रांचे निरीक्षण करणाऱ्या 2009 च्या अभ्यासात एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 वेळाच होत असल्याचे आढळले. उंदरांत ज्या मात्रेने मेंदू बदलतो, तिच्या पासंगालाही हा आकडा पुरत नाही. सरावाचा विषयही उपयोगाचा हवा. नुसती पंजाची उघडझाप पुरत नाही. खाद्यापर्यंत पोहोचण्यासारखे हेतू असलेले, हळूहळू अवघड होत जाणारे काम मेंदूचा नकाशा बदलते. आणि भोवतालही महत्त्वाचा: रिकाम्या पिंजऱ्यात एकटे राहणाऱ्या उंदरापेक्षा सोबत आणि हालचालीला वाव मिळालेला उंदीर जास्त सुधारतो.

औषधे आणि उपकरणे

संधीचा काळ वाढवता येईल का, हा पुढचा प्रश्न. लॉस एंजेलिस येथील थॉमस कार्माइकल यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवले की झटक्यानंतर इजेच्या कडेच्या पेशींवर गाबा या शामक रसायनाचा दाब वाढलेला असतो. तिसऱ्या दिवसापासून औषधाने तो दाब कमी केला, तर माऊसची हालचाल अधिक सुधारते. तेच औषध झटक्याबरोबर दिले, तर इजा वाढते. झुरिकमध्ये मार्टिन श्वाब यांच्या गटाने मज्जातंतूंची वाढ रोखणाऱ्या नोगो-ए या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे वापरली. 2014 च्या त्यांच्या प्रयोगात आधी प्रतिपिंडे आणि नंतर कसून सराव दिलेल्या रॅटचे कौशल्य जवळपास मूळ पातळीला पोहोचले. दोन्ही एकाच वेळी दिल्यावर मात्र तंतू भलतीकडे वाढले आणि फायदा हुकला. आधी वाढू द्यायचे, मग वापरातून छाटणी करायची, हा क्रम त्यातून पुढे आला.

प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत पोहोचलेले ठळक उदाहरण व्हेगस या मज्जातंतूच्या उद्दीपनाचे आहे. डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात मायकेल किलगार्ड यांच्या गटाने रॅटच्या मानेतल्या या तंतूला प्रत्येक यशस्वी हालचालीच्या क्षणी अर्ध्या सेकंदाचा विजेचा हलका स्पंद दिला. नुसत्या सरावापेक्षा ही जोडी सरस ठरली. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेतील 108 रुग्णांवर चाचणी झाली. त्यांच्या झटक्याला किमान नऊ महिने झालेले होते. हाताच्या हालचालीच्या मापनात उद्दीपनासह सराव करणाऱ्यांचे सरासरी 5 गुण वाढले, उद्दीपनाविना सराव करणाऱ्यांचे 2.4. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे उपकरण मान्य केले. उशीर झालेल्यांसाठीही दार पूर्ण बंद झालेले नसते, हा त्याचा अर्थ.

फसलेल्या आशा

अपयशांची यादी याहून लांब आहे. मेंदू वाचवणारी अनेक औषधे उंदरांत यशस्वी ठरली आणि माणसांत निकामी. एनएक्सवाय-059 हे औषध 2006 च्या चाचणीत आशादायक दिसले, 2007 च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधाने माऊसमध्ये संधीचा काळ लांबवला, 118 रुग्णांच्या फ्रेंच चाचणीतही हात सुधारले. मग ब्रिटनमध्ये 3127 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

कारणे समजण्यासारखी आहेत. प्रयोगातले उंदीर बहुधा तरुण, नर आणि निरोगी. पक्षाघाताचे रुग्ण बहुधा वयस्कर, त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया, आणि सोबत रक्तदाब, मधुमेह. माणसाच्या मेंदूचा जवळपास निम्मा भाग पांढऱ्या तंतूंचा असतो, उंदरात तो फार थोडा. माणसात काही तंतू कॉर्टेक्सपासून बोटे हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशींना थेट जोडलेले असतात. उंदरात मध्यस्थ पेशी लागतात. याशिवाय काही दोष प्रयोग करणाऱ्यांचे होते: प्राण्यांची अपुरी संख्या, कोणाला औषध दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक असणे, नकारात्मक निष्कर्ष दडून राहणे.

म्हणून 1999 मध्ये शास्त्रज्ञ आणि उद्योगांनी मिळून प्रयोगांचे निकष ठरवले आणि 2009 मध्ये ते कडक केले. अमेरिकेत एकाच आखणीने सहा प्रयोगशाळांत एकाच वेळी उपचार तपासण्याची व्यवस्था उभी राहिली. तिच्यात तरुण निरोगी उंदरांबरोबर म्हातारे, लठ्ठ आणि रक्तदाब असलेले उंदीरही घेतले गेले. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्नही याच शिस्तीचा भाग आहे. शक्य तिथे पर्याय वापरावा, संख्या कमीत कमी ठेवावी, वेदना कमीत कमी द्याव्यात, ही त्रिसूत्री 1959 मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडली. भारतात प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे आणि त्याखालील समितीच्या नियमांनीच असे प्रयोग करता येतात. निष्काळजी आखणीचा प्रयोग प्राण्याचा जीव फुकट घालवतो आणि रुग्णाची दिशाभूलही करतो.

या सगळ्या कामातून चार गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. पहिल्या दिवशी मेंदूला अति ताण देऊ नये. त्यानंतरचे साधारण तीन महिने सर्वांत मोलाचे असतात. सराव भरपूर, हेतूपूर्ण आणि दुबळ्या हाताचाच हवा. आणि काम भागले म्हणजे हात सुधारला असे समजू नये. ज्यांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे, त्यांनी रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर ‘थोडे बरे वाटू दे, मग बघू’ म्हणत हे महिने घालवू नयेत. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सराव लगेच सुरू करावा आणि रोज करावा.